पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची प्रथिनं अभ्यासायची, तर सुरुवात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या एका विद्यार्थिनीला कोळंबीच्या पांढरे ठिपके रोगाच्या विषाणूवर, म्हणजे डब्ल्यूएसएसव्हीवर, पीएच.डी. करायची आहे. विषय ठरलाय: रचनात्मक प्रथिनं. बेत असा की व्हीपी२८ या प्रथिनाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालायचं, प्रथिन काढायचं, सशात अँटिबॉडी तयार करायची, तिनं विषाणू निष्प्रभ होतो का ते बघायचं आणि तिथून लसीकडे वळायचं. जोडीला तीन शंका आहेत. व्हीपी२६ हे दुसरं प्रथिन नक्की बाहेरच्या आवरणात आहे की आतल्या कॅप्सिडवर, म्हणजे डीएनएभोवतीच्या कवचावर, कारण निबंध एकमेकांविरुद्ध बोलतात. विषाणू वाढवायला पेशी-संवर्धन कुठलं वापरायचं? आणि बाजारातली गोठवलेली कोळंबी आणून काम भागेल का?

बेत वाईट नाही, क्रम उलटा आहे. व्हीपी२८ क्लोन करणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात सोपं काम. म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, आणि म्हणूनच व्हीपी२८वर निबंधांचा ढीग पडलाय नि बाकीच्या कित्येक प्रथिनांबद्दल धड चार ओळी सापडायची मारामार. रचनात्मक प्रथिन म्हणजे विषाणूच्या पूर्ण तयार कणात बसलेलं प्रथिन. ते कणात कुठे बसलंय, कुणाला धरून बसलंय, हे हातात कण असल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे माझं बरंचसं उत्तर कणांभोवतीच फिरणार आहे.

विषाणूची ओळख तुम्हाला असेलच, तरी कामापुरती सांगतो. १९९२-९३च्या सुमारास तैवान, चीन आणि जपानमध्ये हा रोग उफाळला. भारतात १९९४मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या टायगर कोळंबीच्या तळ्यांत आला आणि १९९९मध्ये इक्वेडोरची तळी ओस पाडून गेला. सुरुवातीला ज्याने त्याने आपापलं नाव दिलं. थायलंडचे जुने निबंध त्याला एसईएमबीव्ही म्हणतात, जपानचे आरव्ही-पीजे. बरीच वर्षं तो बॅक्युलोव्हायरसांत गणला गेला. आता त्याचं स्वतंत्र कुळ आहे, निमाव्हिरिडी. जुनं वाङ्मय शोधताना ही नावं टाकली नाहीत तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची सुरुवातीची उत्तम वर्णनं हातातून निसटतील.

कण अंडाकृती ते दंडाकृती, लांबी साधारण २१० ते ३८० नॅनोमीटर, रुंदी ७० ते १६७, आणि एका टोकाला शेपटीसारखा धागा. बाहेर लिपिडचं आवरण, मध्ये टेग्युमेंट नावाचा थर, आत आडव्या पट्ट्यांचं न्यूक्लिओकॅप्सिड. त्यात गोलाकार, दुपदरी डीएनए, सुमारे ३०० किलोबेसचा, म्हणजे तीन लाख अक्षरांचा. जीनोमचे तीन प्रमुख नमुने वापरात आहेत: थायलंडचा सुमारे २९३ किलोबेस, चीनचा ३०५, तैवानचा ३०७. तिघांची जनुकक्रमांकाची पद्धत वेगळी, आणि नवख्याचा पहिला महिना यातच जातो. चिनी पद्धतीत व्हीपी२८ म्हणजे डब्ल्यूएसव्ही४२१, व्हीपी२६ म्हणजे ३११, व्हीपी२४ म्हणजे ००२, व्हीपी१९ म्हणजे ४१४, व्हीपी१५ म्हणजे २१४ आणि व्हीपी६६४ म्हणजे ३६०. हा तक्ता छापून बाकावर चिकटवा. उरलेल्या प्रथिनांचाही असाच तक्ता स्वतः बनवा, कारण व्हीपी५१ किंवा व्हीपी३६ या नावाखाली अ, ब, क अशी वेगवेगळी प्रथिनं आहेत आणि जुन्या निबंधांत ते अक्षर लिहिलेलंच नसतं.

आता पेशी-संवर्धन. कोळंबीची कायमस्वरूपी वाढणारी, या विषाणूला व्यवस्थित वाढवणारी आणि सगळ्यांनी स्वीकारलेली पेशी-ओळ नाही. कोळंबीच्या लिंफॉइड अवयवाची किंवा क्रेफिशच्या रक्तपेशी तयार करणाऱ्या ऊतीची प्राथमिक संवर्धनं आहेत. संसर्गाचे प्रयोग त्यांवर होतात, पण प्रथिनांच्या कामाला लागतो तेवढा कण त्यातून निघत नाही. म्हणजे जिवंत प्राणी आले. चीनमध्ये आणि युरोपात बहुतेकांनी क्रेफिश वापरला: तो मोठा असतो, हिमोलिंफ, म्हणजे त्याचं रक्त, भरपूर निघतं, गोड्या पाण्यात राहतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही आणि मुद्दाम परदेशी जात आणण्याच्या भानगडीत पडू नका. टायगर किंवा व्हॅनामेई कोळंबी घ्या, रोगमुक्त साठ्यातली. तरीही आल्या आल्या नेस्टेड पीसीआर, म्हणजे विषाणूचा थोडासाही डीएनए पकडणारी दुहेरी चाचणी, करा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतही हा विषाणू वाढतो आणि दक्षिण भारतात तसे प्रयोग झाले आहेत. पर्याय म्हणून लक्षात ठेवा.

टोचण्याबद्दल तीन गोष्टी. कात नुकती टाकलेला मऊ प्राणी घेऊ नका, तो सुईनेच मरतो आणि तुम्ही ते विषाणूच्या खात्यात लिहाल. इनॉक्युलम, म्हणजे टोचायचा विषाणूचा अर्क, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून घ्या, नाहीतर व्हिब्रिओ जिवाणूनेच काम तमाम होईल. आणि पाण्याचं तापमान रोज लिहा. ३२-३३ अंशांच्या पाण्यात या विषाणूची वाढ दबते, टोचलेली व्हॅनामेई चक्क जगते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या टाक्या दुपारी कुठे जातात ते मोजलंत तर ‘इनॉक्युलम मेलं वाटतं’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा थर्मामीटरमध्येच सापडेल. २६-२७ अंश ठेवा. टोचलेले प्राणी तीन ते दहा दिवसांत जातात. मरायची वाट बघू नका. सुस्त होऊन कडेला लागलेले, खाणं सोडलेले उचला. मेल्यावर ऊती फार लवकर सडतात आणि प्रथिनांचे तुकडे पडतात. व्हॅनामेईच्या पाठीवर ठिपके दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. अनेकदा दिसतच नाहीत.

टाकीतून जाणारं प्रत्येक थेंब पाणी क्लोरीनमध्ये. माणसाला या विषाणूचा धोका नाही, म्हणून प्रयोगशाळेत ढिलाई येते. पण तुमची मोरी ज्या खाडीला मिळते त्या खाडीचं पाणी कुणाच्या तरी तळ्यात शिरतंय, आणि चिंबोरी हा विषाणू अंगात घेऊन खुशाल हिंडते.

शुद्धीकरणाचं मात्र नीट, सावकाश सांगतो, कारण इथे प्रबंध घडतो किंवा बिघडतो.

पूर्वी सगळे साखरेच्या किंवा सीझियम क्लोराइडच्या ग्रेडियंटवर, म्हणजे खाली दाट होत जाणाऱ्या द्रावणात फिरवून, कण काढत. न्यूक्लिओकॅप्सिड त्यात छान मिळतं, पण आवरण फार नाजूक असतं. ते सुटतं, फाटतं, आणि तुम्हाला आवरण असलेले नि नसलेले कण मिसळून मिळतात. मग ‘हे प्रथिन कॅप्सिडवर आहे’ असं म्हणताना तुम्ही नक्की काय बघितलं, हे तुम्हालाही सांगता येत नाही. २००५मध्ये चीनच्या एका गटाने साधी पद्धत दिली. ती फक्त वेग बदलत जाणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर चालते, ग्रेडियंट लागतच नाही. मी विद्यार्थ्यांना तीच शिकवतो.

ऊती घेताना हेपॅटोपॅन्क्रियाज काढून टाका, पूर्ण. यात दुहेरी फायदा आहे. हा विषाणू एक्टोडर्म आणि मेसोडर्मपासून झालेल्या ऊतींत वाढतो: कल्ले, कवचाखालची त्वचा, जठराचं अस्तर, लिंफॉइड अवयव, रक्तपेशी. हेपॅटोपॅन्क्रियाजच्या मुख्य पेशींत तो वाढत नाही, म्हणजे तिथे कण नाहीतच. वर ती पाचक ग्रंथी, प्रथिनं कापणाऱ्या प्रोटिएजने तुडुंब भरलेली. तिचा एक तुकडा राहिला तरी सगळ्या तयारीतल्या व्हीपी२८ला कात्री लागते. बाकीच्या ऊती थंडगार बफरमध्ये, पीएमएसएफसारखे प्रोटिएज-रोधक ताजे घालून, दळा. ताजे म्हणजे त्याच दिवशीचे. पीएमएसएफ पाण्यात फार टिकत नाही.

३,५०० जीवर, म्हणजे गुरुत्वाच्या तितक्या पट जोरावर, एकदा फिरवून कचरा टाका, वरचं पाणी नायलॉनच्या बारीक जाळीतून गाळा, मग ३०,००० जीवर. आता नळीच्या तळाशी जो गाळ बसतो तो नीट बघा. तो एकसारखा नसतो. वर सैल, गुलाबीसर थर असतो आणि खाली घट्ट, करडा-पांढरा. गुलाबी थर म्हणजे प्राण्याचा ऐवज. पाश्चर पिपेटने थोडं बफर हळू सोडत तो थर धुऊन काढायचा, खालचा अजिबात हलू द्यायचा नाही. हात इथे तयार होतो. पिपेटची धार नळीच्या भिंतीवर सोडायची, गाळावर नाही. गुलाबी थर ढगासारखा उठतो, लगेच ओढून घ्यायचा. उरलेला पांढरा भाग मॅग्नेशियम असलेल्या ट्रिस बफरमध्ये विरघळवायचा, कमी वेगावर गुठळ्या काढायच्या, पुन्हा ३०,००० जी. असं गुलाबी दिसेनासं होईपर्यंत करत राहायचं. शेवटी दुधासारखं पांढरं पाणी मिळतं. त्याला किंचितही निळी झाक असेल तर हिमोसायनिन अजून आहे.

हिमोसायनिन हा आपला जुना शत्रू. कोळंबीच्या रक्तातलं तांब्याचं प्रथिन, प्रचंड प्रमाणात, आणि त्याचे रेणू सहा-सहा, बारा-बारा एकत्र येऊन मोठे गठ्ठे करतात, त्यामुळे ते कणांबरोबर खाली बसतात. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ७५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास जाड बँड, म्हणजे पट्टा, दिसला की समजा तोच. काही जुन्या निबंधांच्या चित्रांत तो स्पष्ट दिसतो आणि मजकुरात त्याबद्दल चकार शब्द नसतो. तुम्ही परीक्षक व्हाल तेव्हा आधी तिथे बघा.

म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा कंट्रोल: निरोगी प्राण्याची तेवढीच ऊती, तीच पद्धत, त्याच दिवशी, शेजारच्या नळीत. तिच्या तळाशी जे काही बसेल ते जेलच्या शेजारच्या लेनमध्ये चढवायचं. लोकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण ज्या बँडचा जुळा निरोगी लेनमध्ये आहे, तो विषाणूचा नाही असं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

शुद्ध झालेले कण चार अंशांवर ठेवा, थोडं सोडियम अझाइड घालून. गोठवू नका. गोठवून वितळवलं की आवरणं फुटतात. प्रत्येक खेपेचा एक थेंब फॉस्फोटंगस्टिक आम्लाने रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि अखंड कण किती, नागडे किती, हे मोजून वहीत लिहा. ही मोजणी निबंधात क्वचितच छापली जाते, पण तिच्याशिवाय पुढचा एकही निष्कर्ष मी मानत नाही.

आता जेल. चांगल्या तयारीत पाच बँड डोळ्यांत भरतात: २८, २६, २४, १९, १५. हे आकडे जेलवर दिसणारं वजन सांगतात, खरं वजन नाही. व्हीपी२८ आणि व्हीपी२६ दोघांतही २०४ अमिनो आम्लं, हिशेबाने दोन्ही साधारण २२ किलोडाल्टनची. व्हीपी१९ हिशेबाने १३च्या आसपास, आणि व्हीपी१५ तर सातही भरत नाही. त्यात लायसीन, आर्जिनीन इतकं ठासून भरलंय की ते जेलमध्ये रखडतं. म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीतून आलेलं वजन आणि तुमचा बँड जुळत नाही म्हणून घाबरू नका. शर्करा लागून वजन वाढलं असेल ही शंका डच गटाने २००२मध्येच तपासली आहे. पाचही मुख्य प्रथिनांवर त्यांना शर्करा सापडली नाही. आवरण असलेल्या प्राणी-विषाणूच्या मानाने ही जरा विचित्रच बाब आहे, आणि तुमच्या ई. कोलायच्या बेताला फायद्याची.

जेलच्या वरच्या टोकाकडेही बघा. नेहमीच्या १२ टक्के जेलमध्ये नमुना भरायच्या खाचेच्या, म्हणजे विहिरीच्या, तोंडाशीच काहीतरी अडकलेलं असतं आणि सगळे ते ‘न विरघळलेलं’ म्हणून सोडून देतात. ते व्हीपी६६४ असू शकतं. ६,०७७ अमिनो आम्लांचं हे प्रथिन, जनुक १८,२३४ न्यूक्लिओटाइडचं, एकही इंट्रॉन नाही. तैवानच्या गटाने २००५च्या सुमारास ते न्यूक्लिओकॅप्सिडवर दाखवलं, तोवर ते असंच विहिरीत अडकून राहिलं होतं. त्यासाठी कमी टक्क्याचं किंवा ग्रेडियंट जेल ओता, जास्त वेळ चालवा, आणि वेस्टर्न, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी, करत असाल तर रात्रभर कमी विद्युतप्रवाहावर ट्रान्सफर करा. नाहीतर ते जेलमधून बाहेरच येत नाही.

मास स्पेक्ट्रोमेट्रीबद्दल फार लिहीत नाही, ते काम आता बाहेर पाठवूनही होतं. २००६पर्यंत किमान ३९ रचनात्मक प्रथिनांची यादी झाली होती, नंतर ती आणखी लांबली. यंत्र जितकं संवेदनशील तितकी यादी लांब, आणि तितका तिच्यात शेवटी शेवटी कचराही. एका पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या एकाच तुकड्यावर, आधारलेल्या नोंदीला प्रथिन म्हणू नका. आवरणाच्या आतलं की बाहेर चिकटलेलं, हा प्रश्न असेल तर अखंड कणांना सौम्य ट्रिप्सिन द्या: उघड्यावरचं कापलं जातं, आतलं वाचतं. हा प्रयोग एका दुपारचा आहे आणि लोक तो करत नाहीत, याचं मला कायम नवल वाटतं.

आता व्हीपी२६. तुमच्या प्रश्नातला हा सगळ्यात चांगला भाग.

२०००मध्ये डच गटाने व्हीपी२६ न्यूक्लिओकॅप्सिडचं प्रथिन म्हणून मांडलं. दोन वर्षांत दुसऱ्यांनी ते आवरणावर दाखवलं. २००६मध्ये तैवानच्या गटाने ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट आणि मीठ यांची जोडी वापरून कण पायरीपायरीने सोलला. ट्रायटन लिपिड सोडवतं, पण प्रथिनं एकमेकांना विद्युतभारानेही धरून असतात. ती पकड मिठाने सुटते. सोडियम क्लोराइडचं प्रमाण बदललं की कुठलं प्रथिन कुठल्या हिश्शात जातं ते बदलतं. त्यांच्या हाती तीन गठ्ठे आले. आवरणात व्हीपी२८, व्हीपी१९ आणि आणखी काही. न्यूक्लिओकॅप्सिडमध्ये व्हीपी६६४, व्हीपी५१सी, व्हीपी६०बी, व्हीपी१५. आणि मधल्या टेग्युमेंटमध्ये व्हीपी२६, व्हीपी३६ए, व्हीपी३९ए, व्हीपी९५. वर एक निरीक्षण: व्हीपी१५ हे तर मीठ खूप वाढवलं की ट्रायटनशिवायही न्यूक्लिओकॅप्सिड सोडून देतं.

म्हणजे आधीचे दोन्ही गट खोटं बोलत नव्हते. जुन्या भिंतीचा रंग खरवडताना मधली लांबी, म्हणजे पुट्टी, कधी रंगाच्या पोपड्यासोबत येते, कधी भिंतीलाच राहते. पत्रा कसा धरलाय त्यावर ते ठरतं. व्हीपी२६ची गत तीच. कमी मिठात ते कॅप्सिडसोबत खाली बसतं, जास्त मिठात आवरणासोबत वर येतं. २००७मध्ये व्हीपी२६ आणि व्हीपी२८च्या स्फटिकरचना आल्या, त्या निबंधाने दोन्हीला आवरणाची प्रथिनं म्हटलं. २००८मध्ये व्हीपी२६ हे व्हीपी५१ला धरतं आणि आवरण नि न्यूक्लिओकॅप्सिड यांना जोडणारा दुवा आहे, असं दाखवलं गेलं. माझ्या मते हे शेवटचं चित्र सगळ्या पुराव्याला जास्त नीट बसतं. तुमच्या प्रबंधात ‘व्हीपी२६ आवरणात आहे’ असं एका ओळीत लिहू नका. कुठल्या डिटर्जंटमध्ये, किती मिठात, ते सांगून लिहा. आणि स्वतः मिठाची शिडी लावा: शून्यापासून एक मोलरपर्यंत पायऱ्या, प्रत्येक पायरीला वरचं पाणी नि गाळ दोन्ही जेलवर, दोन्ही वेस्टर्नवर. फक्त गाळ चढवून निष्कर्ष काढलेले निबंध आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

व्हीपी२६चा अॅक्टिन या प्राण्याच्या पेशींतल्या प्रथिनाशी संबंध दाखवला गेला आहे, हेही ध्यानात असू द्या. शुद्ध कणांच्या जेलवर ४२-४३ किलोडाल्टनला अॅक्टिन दिसलं तर ते घाण आहे की सोबत आलेला पाहुणा, हे निरोगी लेन आणि ट्रिप्सिन यांच्याकडून वदवून घ्या.

आता तुमचं व्हीपी२८. पूर्ण लांबीचं प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलंत तर बहुधा इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गुठळ्यांत, जाईल, कारण अमिनो टोकाजवळ पाण्याला नाक मुरडणारा पट्टा आहे, जो एरवी आवरणात रुतलेला असतो. तो वगळून उरलेला भाग व्यक्त करा, विरघळणारं प्रथिन मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. स्फटिकरचनेसाठीही हाच मार्ग घेतला गेला. रचनेत बीटा-बॅरल आहे, स्फटिकात तीन-तीन रेणू एकत्र, आणि अंदाज असा की टोक आवरणात रोवून बॅरल बाहेर डोकावतं. गंमत म्हणजे व्हीपी२६चीही घडण जवळजवळ तीच. व्हीपी२४, व्हीपी२६ आणि व्हीपी२८ ही तिन्ही एकाच मूळ जनुकाच्या प्रती वाढून झालेली भावंडं असावीत, असा निष्कर्ष २०००मध्येच निघाला होता. याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे: सशातली पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रकारांची मिश्र, अँटिबॉडी भावंडांनाही धरत नाही ना, हे तिन्ही शुद्ध प्रथिनं शेजारी-शेजारी चढवून आधी तपासा. युरियात विरघळवून पुन्हा घडी घातलेलं प्रथिन वापरणार असाल, तर घडी बसली याचा पुरावा द्या. जेल फिल्ट्रेशनमध्ये ते गुठळी म्हणून सुरुवातीलाच बाहेर पडत असेल, तर त्यावरचे बंधनाचे प्रयोग कागदाच्या किमतीचेही नाहीत.

आणि मग सशाचं सीरम. इथे मी तुम्हाला हात धरून थांबवणार आहे.

२००१मध्ये असा निबंध आला की व्हीपी२८विरुद्धचं सीरम विषाणूत मिसळून टायगर कोळंबीला टोचलं तर कोळंबी वाचते. त्यावरून व्हीपी२८ हे शिरकावाचं मुख्य प्रथिन ठरलं, आणि त्यानंतर असलेच प्रयोग इतर प्रथिनांवरही झाले. २००६मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने, मूळ डच प्रयोगशाळेतले संशोधक सोबत घेऊन, हेच पुन्हा तपासलं. त्यांनी व्हीपी२८विरुद्धच्या मोनोक्लोनल (एकाच प्रकारच्या) आणि पॉलिक्लोनल अँटिबॉडी प्रोटीन-ए या अँटिबॉडी धरणाऱ्या प्रथिनावर शुद्ध करून वापरल्या. एकीनेही विषाणू रोखला नाही. पूर्ण सीरम म्हणून पूर्वी यशस्वी ठरलेली एक तयारीही त्यात होती. उलट काही सशांचं सीरम व्हीपी२८ची अँटिबॉडी नसतानाही विषाणूला जोरदार निष्प्रभ करत होतं. म्हणजे सशाच्या रक्तातलंच काहीतरी या विषाणूला सोसत नाही. मूळ दाव्याशी जोडलेल्या लोकांनीच तो उघडपणे तपासायला घेतला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. दुर्दैव असं की २००१चा निबंध अजून भराभर उद्धृत होतो आणि २००६चा कोपऱ्यात पडून आहे.

तेव्हा हा प्रयोग करायचाच असेल तर शुद्ध आयजीजी, म्हणजे सीरममधून वेगळी काढलेली अँटिबॉडी, वापरा, त्याच सशाचं टोचण्याआधीचं रक्त शुद्ध करून तेवढ्याच प्रमाणात कंट्रोलला ठेवा, आणि तिसरा गट भलत्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचा. टोचण्याच्या प्रयोगात निकाल फक्त मृत्यूवर मोजू नका. विषाणूच्या प्रती क्यूपीसीआरने मोजा.

सीरमऐवजी आरएनए-हस्तक्षेप, म्हणजे दुपदरी आरएनए टोचून विषाणूचं जनुक गप्प करणं, वापरू, असं मनात आलं तर तिथेही सापळा आहे. कोळंबीला कुठलाही दुपदरी आरएनए टोचला, विषाणूशी काडीचा संबंध नसलेला, तरी काही प्रमाणात संरक्षण मिळतं. व्हीपी२८चा दुपदरी आरएनए आणि खारं पाणी एवढेच दोन गट असतील तर निकाल वाचताच येत नाही. जीएफपीचा, म्हणजे विषाणूत नसलेल्याच एका प्रथिनाचा, दुपदरी आरएनए तिसऱ्या गटात हवाच.

लस हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकातून काढा, असं मी सुचवेन. कोळंबीला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात. व्हीपी२८ बनवणारे मारलेले जिवाणू खाद्यातून देऊन काही आठवडे संरक्षण मिळाल्याचे प्रयोग २००४पासून आहेत, ते खरेही असतील. पण ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनासोबत जिवाणूचं लिपोपॉलिसॅकराइड येतं आणि तेवढ्यानेही कोळंबीची प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते. व्हीपी२८चं जनुक नसलेल्या, रिकाम्या प्लाझ्मिडचा जिवाणू कंट्रोलला नसेल तर तुम्ही व्हीपी२८ मोजताय की जिवाणूचा कचरा, कुणी सांगावं? हा प्रश्न कधीतरी सोडवायला हवा, पण तो तीन-चार वर्षांच्या प्रबंधात रचनेच्या विषयाला शेपूट म्हणून लावण्यासारखा नाही.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी न्यूक्लिओकॅप्सिड धरलं असतं. २०२३मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं गेलं की ते एकावर एक रचलेल्या कड्यांचं बनलंय, आणि डीएनए बाहेर पडताना त्याचा आकार अंडाकृतीवरून दंडासारखा होतो. चित्र मिळालं, पण कोण कुणाला धरतं याचं जीवरसायन अजून बरंच मोकळं आहे. व्हीपी६६४ अख्खं क्लोन करायच्या नादी लागू नका. त्याचे तुकडे पाडा, प्रत्येकावर अँटिबॉडी काढा, सोन्याचे कण लावून कड्यांवर कुठला तुकडा बाहेर येतो ते बघा. व्हीपी१५ सोबत घ्या: लहान आहे, सहज बनतं, डीएनएला धरतं आणि वेटोळं बसलेल्या डीएनएला जास्त घट्ट धरतं. मीठ वाढवून ते बाहेर काढलं तर कड्या तशाच राहतात की ढिल्या पडतात, हा प्रश्न साध्या रंगकामाने आणि चांगल्या तयारीने विचारता येतो. त्याला लाखोंचं यंत्र लागत नाही. निकाल आशादायक दिसला तर पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधेकडे वेळ मागता येईल, आणि तेव्हा तुमच्याकडे दाखवायला शुद्ध नमुना असेल. तिथे लोक अडतात ते नमुन्यावर, यंत्रावर नाही. प्राणी ठेवायची आणि रोगनिदानाची बाजू कोकणात राहून शिकायची असेल तर रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. विषाणूवरच्या प्रत्यक्ष प्रयोगांसाठी चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेशी आधी पत्रव्यवहार करा.

राहिली बाजारातली गोठवलेली कोळंबी. पीसीआरला ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि तिच्यातला विषाणू कधीकधी जिवंत प्राण्याला लागण करण्याइतका शाबूतही असतो. म्हणून ती प्रयोगशाळेत आणलीत तर सांडपाण्याचे नियम तिलाही लागू. इनॉक्युलमचा मूळ स्रोत म्हणून एखादा नमुना घेऊन निरोगी प्राण्यात एकदा वाढवून बघता येईल, अर्थात जनुक वाचून तो डब्ल्यूएसएसव्हीच आहे आणि सोबत दुसरा विषाणू नाही याची खात्री केल्यावर. पण त्या कोळंबीतून थेट कण काढून सोलायला बसू नका. गोठताना आवरणं फुटलेली असतात, हेपॅटोपॅन्क्रियाजचे प्रोटिएज डोक्यात पसरलेले असतात. जे मिळेल ते जेलवर चढवलंत तर पंचवीस आणि वीसच्या मध्ये पसरलेला फराटा दिसेल, आणि त्यातला व्हीपी२८ कुठला नि त्याचे तुकडे कुठले, हे अँटिबॉडीलाही सांगता येणार नाही.